धारेचं विरजण

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन गोष्टींचं विरजण मागायला कुणी लाजत नाही आणि ते देताना कुणी पैसे घेत नाही. एक दह्याचं आणि दुसरं लेथच्या धारेचं. पहिली रीत पिढ्यान्‌पिढ्यांची, दुसरी २०३६ नंतरची. पण उद्यमनगरातली माणसं रीत पाडायला फार वेळ लावत नाहीत. शेजारच्या शेडमधला कुणीतरी दुपारी चिमटा आणि काचेची डबी घेऊन यायचा, "हेमाक्का, जरा धार द्या की, आमची रुसलीया," म्हणायचा आणि हेमलता चौगुले हातातलं काम ठेवून उठायची. द्यायला ती कधी कचरली नाही. देताना मात्र तिच्या चेहऱ्यावर थोडी ऐट यायची, आणि ती तिला शोभायचीही.

हे धारेचं विरजण म्हणजे काय, ते समजायचं तर आधी लेथपाशी उभं राहायला हवं. लेथवर लोखंड कापतात असं आपण म्हणतो. खरं पाहता तिथं कापणं थोडं आणि रेटणं फार. चकच्या जबड्यात धरलेला दांडा गरगर फिरत असतो, समोरून टूल त्यात शिरतं, आणि टूलच्या पुढ्यातलं लोखंड दाबलं जाऊन, सरकून, वेटोळी साल होऊन बाहेर पडतं. मिलिंग मशीनवर याच्या उलट, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, जागच्या जागी आणि टूल फिरतं. पण धारेच्या टोकाशी घडतं ते एकच. तिथं टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत भट्टी पेटलेली असते. दांडा किती वेगानं फिरवायचा, एका फेऱ्याला टूल किती पुढं सरकवायचं आणि घाव किती खोल घ्यायचा, या तीन गोष्टींवर लेथ चालवणाऱ्या टर्नरचा सगळा संसार चालतो. तिन्हींत हावरेपणा केला की धार मरते. मग मशीन थांबवा, टूल काढा, धार लावा, पुन्हा बसवा, पुन्हा माप जुळवा.

मऊ पोलाद कापताना आणखी एक त्रास होतो. पोलादाचे कण टूलच्या टोकाला चिकटत जातात, थरावर थर चढतो आणि थोड्या वेळानं टूलऐवजी तो चिकटलेला गोळाच कापायला लागतो. ही खोटी धार. ती कधीतरी तुटते, जाताना टूलचा टवका घेऊन जाते आणि जॉबवर ओरखडे ठेवते. टर्नर लोक तिला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घालत आले. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. अरुंधती गुर्जर यांनी शिव्या घालण्याऐवजी एक प्रश्न विचारला. ही धार जर आपली आपणच वाढते, तर तिला हवं ते खायला घालून हवी तशी का वाढवू नये?

टूल थंड ठेवायला त्यावर जे पाणी सोडतात, त्या कूलंटमध्ये त्यांनी कार्बन आणि टायटॅनियमचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळले आणि टूलच्या टोकावर स्फटिकाचा एक नमुना बसवला. धार जिथं झिजते तिथंच जास्त तापते, आणि जिथं तापते तिथंच हे कण खालच्या नमुन्याबरहुकूम जाऊन बसतात. जेवढी झीज, तेवढी भर. वर आणखी एक गंमत झाली, ती खुद्द डॉक्टरीणबाईंनाही आधी ठाऊक नव्हती. कणांची जी मांडणी घाव सोसून टिकते तीच पुढं वाढते, त्यामुळं धार जुनी होत जाईल तशी अधिक चांगली कापते. अशा मुरलेल्या धारेचा एक कण नव्या टूलवर बसवला की नवं टूलही त्याच वळणावर जातं. प्रयोगशाळेनं याला लांबलचक नाव दिलं होतं. उद्यमनगरानं त्या धारेला 'जिवंत धार' म्हटलं, त्या कणाला 'विरजण' म्हटलं आणि विषय संपवला.

प्रयोगशाळेनं उद्यमनगरात प्रयोगासाठी दिलेल्या धारांपैकी बहुतेक मेल्या. लोकांना घाई होती. आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलेली हेमलता मात्र जिद्दीची. तिनं पहिले काही महिने मोठं काम घेतलंच नाही, मशीन हळू चालवली, धारेला हलके घाव दिले आणि तिला मुरू दिलं. पाच वर्षांत अशी वेळ आली की उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत प्रत्येक लेथवर तिच्या धारेची लेक नांदत होती.

आणि याच पाच वर्षांत तिच्या नवऱ्याचा धंदा बसला. सर्जेराव चौगुले टूलांना धार लावायचे. एकाच शेडच्या एका अंगाला तिची लेथ, दुसऱ्या अंगाला त्यांचा ग्राइंडर, असा तो संसार होता. जिवंत धार आली आणि धार लावायला येणारा माणूस यायचा थांबला. सर्जेरावांनी ग्राइंडरवर ताडपत्री टाकली, पण तो विकला नाही. नवराबायकोत यावरून भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ते तिच्या शेडची बिलं बघायचे, माल पोचवायचे, आणि सकाळी आत येताना विचारायचे, "तुझी लाडकी उठली काय?" हेमलता हसायची. त्या हसण्यात दर वर्षी थोडं कमी हसू असायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला प्रयोगशाळेकडून आलेली एक नवी पेटी शेडमध्ये होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी मशीन चालत नाही, हा उद्यमनगराचा कायदा कुठल्याही कारखाना कायद्यापेक्षा जुना आहे. पण एक दिवस गार पडलेली जिवंत धार दुसऱ्या दिवशी आळसावायची, पहिले जॉब बिघडवायची. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मूळ धारेसाठी ही उबवणीची पेटी धाडली होती. काम बंद असलं तरी धार आत तापलेली राहावी, एवढंच तिचं काम.

हेमलतानं मशीन पुसली, हार घातला, नारळ वाढवला. दर वर्षी ती धारेला कुंकवाचं बोट लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकायची. या वर्षीही लावलं. अंबाबाईच्या देवळाशेजारच्या दुकानातलं चांगलं हळदीचं कुंकू, पाण्यात कालवलेलं. तापलेल्या धारेवर ते चर्र झालं, मंद वास सुटला आणि बघता बघता कुंकू दिसेनासं झालं. हेमलताला वाटलं, धारेनं कुंकू मानून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, आणि सोन्याबरोबर हेमाक्काकडून वर्षाचं ताजं विरजण न्यायचं आणि आपली जुनी धार मोडायची, हीही आता रीत झाली होती. दिवसभर शेडमध्ये माणूस हटला नाही. सगळ्यांत आधी आला तो तिचा धाकटा भाऊ धनंजय. शिरोलीत त्याची मोठी शेड होती. पश्चिमेच्या घाटांत धावणाऱ्या विजेच्या बसगाड्यांच्या स्टिअरिंगच्या पिना तो करायचा. ज्या पिनेवर बसचं पुढचं चाक वळतं, ती पिन. दिवाळीच्या गर्दीआधी सगळ्या गाड्यांच्या पिना बदलायच्या होत्या आणि ते काम त्याच्याकडं होतं. त्यानं बहिणीला सोनं दिलं, पाया पडला आणि डबी खिशात घालून गेला.

त्यानंतरच्या दिवसांत उद्यमनगरातले जॉब आरशासारखे निघायला लागले. पिनेत तोंड दिसावं असं पॉलिश. जो तो हेमाक्काचं नाव काढत होता. या वर्षीची धार म्हणजे पोरगी पहिल्या नंबरानं पास झाली, असं कुणी म्हणालं, आणि हेमलतानं त्याला दोनदा चहा पाजला.

दिवाळी आठवड्यावर आली असताना उसाची एक ट्रॉली पंचगंगेच्या पुलाच्या चढावर ट्रॅक्टरपासून सुटली आणि मागं येऊन कलंडली. माणसाला लागलं नाही. ऊस रस्ताभर पसरला आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं फुकटात खाल्ला. ट्रॅक्टरवाला ट्रॉली जोडणाऱ्या तुटलेल्या पिनेचे दोन तुकडे घेऊन हेमलताच्या शेडमध्ये आला, कारण पिन दसऱ्यानंतर तिच्याच लेथवर झालेली होती. तो रागावला नव्हता. एवढ्या देखण्या पिनेला दृष्ट लागली असणार, असं त्याचं म्हणणं. नवी पिन तेवढी द्या, म्हणाला.

हेमलतानं तुकडा उजेडात धरला. झटक्यानं तुटलेल्या लोखंडाचं तोंड खरबरीत असतं. या तोंडावर नदीचं पाणी ओसरताना काठावर उमटतात तशा बारीक वळ्या होत्या. त्यांचा अर्थ एकच. पिन एकदम तुटली नव्हती. कातडीपाशी चीर सुरू झाली होती आणि प्रत्येक हिसक्याबरोबर कणाकणानं आत गेली होती.

तिनं त्याच खेपेची दुसरी पिन घेतली आणि चिरा शोधायची नेहमीची परीक्षा केली. लाल रंग फासायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर आत शिरलेला रंग पावडरीवर उमटतो. काहीच उमटलं नाही. पिन स्वच्छ होती. सर्जेराव मागं उभे राहून बघत होते. झालं की मग, असं ते म्हणाले. पण हेमलताचं समाधान होईना. एवढी चकाकी लेथवर कुठून येते? लेथचा घाव म्हटलं की त्याची बारीक रेघ दिसतेच. इथं रेघच नव्हती. लोखंड कापून निघाल्यावर कुणीतरी वरून लिंपून घेतल्यासारखं दिसत होतं.

तिनं पिन पातळ ॲसिडमध्ये बुडवली. वरची चकाकी गेली, पिन राखाडी झाली. मग धुऊन, वाळवून, पुन्हा लाल रंग, पुन्हा पावडर. या वेळी पांढऱ्यावर लाल रेघा उमटायला लागल्या. आधी एक, मग तिच्या शेजारी दुसरी, मग साऱ्या पिनेवर जाळं. सर्जेरावांनी पिन हातात घेऊन फिरवून पाहिली.

"वरनं कीर्तन, आतनं तमाशा," ते हळू म्हणाले. हेमलताला त्यात चेष्टा ऐकू आली नाही. नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी ती मूळ धार आणि पिना घेऊन पुण्याला गेली. डॉ. अरुंधतींनी धार मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि फिरवून फिरवून पाहिली. मग पडद्यावर दाखवलं. धारेच्या कणाकणांमध्ये काचेचा पातळ पापुद्रा बसला होता. धार टोकदार दिसत होती, पण काचेमुळं ती कापत नव्हती, ओढत होती. लोखंड ओढून फाडत होती आणि मागून येणारी तिचीच गुळगुळीत बाजू त्या फाटलेल्यावर लोखंड लिंपून टाकत होती. म्हणून चकाकी. म्हणून कुठल्याच तपासणीत चिरा सापडत नव्हत्या, रंगाला आत शिरायला वाटच उरत नव्हती.

"ही काच टाकणखाराची आहे, हेमाताई," डॉ. अरुंधती म्हणाल्या. "तापला की वितळतो आणि काच होतो. कूलंटमध्ये टाकणखार घातला होता का कुणी?"

कूलंटमध्ये नाही, हे हेमलताला ठाऊक होतं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला हेही कळलं की हळदीचं कुंकू करताना हळदीला लाल रंग यावा म्हणून लिंबाच्या रसाबरोबर टाकणखार घालतात. तिच्या आईनं अशी कितीतरी कुंकवं घरी केली होती. गार धारेवरचं कुंकू पुसलं जायचं. यंदा धार तापलेली होती.

तिनं सांगितलं. डॉ. अरुंधती हसल्या नाहीत. चूक आमचीही आहे, म्हणाल्या. पेटीबरोबर सूचना लिहिताना पाणी, तेल, धूळ, सगळं लिहिलं. खंडेनवमी असते म्हणूनच पेटी पाठवली आणि त्या दिवशी पूजा होईल हे मात्र सुचलं नाही.

वरचा थर घासून काढला तर, असं हेमलतानं विचारलं. उपयोग नव्हता. प्रत्येक नवा थर खालच्याची नक्कल करतो, आणि आता काच त्या धारेच्या वळणात गेली होती. पहिलं बीज प्रयोगशाळेत होतं, पण ते मुरायला पुन्हा तेवढीच वर्षं. ज्यांनी ज्यांनी विरजण नेलं त्या सगळ्यांच्या धारा बाद करायला हव्यात, आम्ही रीतसर सूचना काढू, समितीची बैठक दिवाळीनंतर आहे, असं डॉ. अरुंधती म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनाही ते बरं वाटलं नाही.

"समिती बसंल तेव्हा बसंल," हेमलता म्हणाली. "माझ्या हातानं वाटलंय मी. दारोदार जाऊन परत घेते."

कोल्हापुरात आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते स्वतःच्या धारेचं. ऐरणीवर टूल ठेवलं आणि हातोडी उचलली. तेव्हा तिचा हात धरला सर्जेरावांनी. ज्या धारेनं त्यांचा ग्राइंडर ताडपत्रीखाली घातला, त्याच धारेसाठी.

"थोडा जीव ठेव की तिचा," ते म्हणाले. "कपाटात ठेव. एवढी वर्षं वाढवलीस."

"ठेवली तर कधीतरी मला मोह हुईल. सोडा हात."

त्यांनी सोडला. दोन घावांत धारेचा भुगा झाला. हेमलता खाली बसली आणि रडली, मन मोकळं करून रडली, आणि सर्जेराव तिच्या शेजारी लोखंडाच्या सालींतच बसून राहिले. मग ते उठले आणि त्यांनी ग्राइंडरवरची ताडपत्री ओढली. आता सगळ्यांना साधी टूलं लागणार, हे सांगायची गरज नव्हती. दगड ओल धरून खराब झाला होता, तो बदलला. पहिलं टूल त्यांनी जाळलं, टोक निळं पडलं. दुसऱ्याचा कोन चुकला. हात बसला नव्हता आणि चष्मा जुना होता. त्यांनी स्वतःला एक शिवी घातली आणि तिसरं घेतलं.

हेमलता शेडमागून शेड पालथी घालायला निघाली. प्रत्येक ठिकाणी ती त्यांचीच पिन मागून घ्यायची, ॲसिड, रंग, पावडर त्यांच्यासमोर करायची आणि लाल रेघा दिसल्या की सांगायची, हे माझ्या कुंकवानं झालंय. कुणी तिलाच धीर दिला. पण दिवाळीच्या तोंडावर मशीन मंदावणार म्हटल्यावर बोलणारेही बोलले. दसऱ्याला सोनं दिलंस आणि दिवाळीला काढून घेतेस, असं एकानं तोंडावर सुनावलं. तिनं ऐकून घेतलं, आणि तो धार मोडेपर्यंत तिथून हलली नाही. नरकचतुर्दशीपर्यंत उद्यमनगरात आणि शिरोलीत एक सोडून एकही जिवंत धार शिल्लक राहिली नाही. गेलेला माल ज्याचा त्यानं परत बोलावला. सर्जेरावांच्या ग्राइंडरपाशी टूलांची रांग लागली.

राहिला धनंजय. त्याच्याकडं ती सगळ्यांत आधी गेली होती आणि तिथूनच रिकाम्या हातानं परत आली होती. त्याच्या पिनेवरही लाल जाळं उमटलं. त्यानं ते बघितलं आणि पिन ड्रॉवरमध्ये टाकली. ट्रॉलीवाल्यानं दुप्पट ऊस भरला असणार, त्याचा दोष पिनेला कशाला, असं त्याचं म्हणणं. बसचा भार ठरलेला असतो. त्याच्या पिना तपासून, पास होऊन, गाड्यांना लागल्यासुद्धा होत्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, अक्का," तो म्हणाला होता. "एकदा ह्या पिना परत बोलावल्या की ती कंपनी पुन्हा माझ्या दारात उभी राहणार न्हाई. शेडभर माणसं हैत माझ्यावर."

तिनं स्वतःच बस कंपनीला फोन केला. तिथल्या माणसानं अदबीनं सांगितलं, तक्रार पुरवठादाराकडूनच यावी लागते आणि तुमच्या नावाचा पुरवठादार आमच्याकडं नाही. मग सुट्या लागल्या आणि फोन उचलणारंही कुणी राहिलं नाही. दिवाळीचे दोन दिवस हेमलताच्या तोंडात फराळाचा घास फिरला. घाटाचं वळण डोळ्यांपुढून हलेना.

भाऊबीजेला ती शिरोलीला गेली. ती येईल असं धनंजयला वाटलं नव्हतं. त्याच्या बायकोनं तरीही पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. तो आला, डोक्यावर टोपी घालून बसला. त्याची नजर खाली होती. हेमलतानं त्याला टिळा लावला, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. त्यानं शेजारची साडीची पिशवी उचलून ताटात ठेवली. भारी साडी होती. हेमलतानं ती उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवली.

"काय पाहिजे ते माग," तो म्हणाला. "फक्त ते एक मागू नको."

"तेच मागाय आलेय."

"भाऊबीजेला असलं मागतात व्हय, अक्का?"

"भाऊबीजेलाच मागतात." तिचा आवाज चढला नाही. "आज घाटातनं गाड्या भरून येणार. उभं राहायला जागा न्हाई अशा. त्यातला एकेक माणूस कुणाच्या तरी ताटात ओवाळणी घालाय निघालाय, धनू. तिकडं कुठंतरी एक बहीण असाच पाट मांडून बसलीया. तिचा भाऊ माझ्या धारेच्या भरवशावर वळणं घ्यायलाय. तो पोचला न्हाई तर ह्यापुढं तुला ओवाळताना मला तुझं तोंड दिसणार न्हाई. त्याचंच दिसंल."

धनंजयनं टोपी काढून मांडीवरच्या साडीवर ठेवली.

"धार बंद करून येतो," तो म्हणाला.

"धार मागनं मोडू. आधी फोन."

कंपनीच्या मोठ्या साहेबाचा खासगी नंबर त्याच्याकडं होता, हे त्यानं बहिणीला कधी सांगितलं नव्हतं. आता त्यानं तो लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला. धनंजयनं दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. आपल्या शेडच्या पिनांना आतून चिरा आहेत, तपासणीत त्या दिसत नाहीत, ॲसिडमध्ये बुडवल्यावर दिसतात, आणि दसऱ्यानंतरचा माल धोक्याचा आहे, असं त्यानं एका दमात सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"न्हाई साहेब, दुसऱ्या कुणाचा संबंध न्हाई," तो म्हणाला. "धार माझीच. चूक माझ्याच शेडमध्ये झाली."

हेमलतानं ताट खाली ठेवलं आणि भावाच्या हातातून फोन घेतला. त्यानं तो घट्ट धरला होता, तिनं त्याची बोटं सोडवली.

"मी हेमलता चौगुले बोलतेय," ती म्हणाली. "धार माझी होती. ह्याला मीच दिली. का बिघडली ते पुण्याच्या डॉक्टर अरुंधती गुर्जर तुम्हाला सांगतील, नंबर देते. पण ते नंतर. आधी गाड्या थांबवा."

पलीकडच्या साहेबानं सांगितलं, बाई, आज भाऊबीज आहे, वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस, गाड्या सकाळपासून घाटात आहेत, लोक आम्हाला फाडून खातील. निदान कुठल्या गाड्या थांबवायच्या ते तरी नेमकं सांगा.

हेमलतानं भावाकडं पाहिलं. तो पाटावरून उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानं मान हलवली.

"सगळ्या," ती म्हणाली.